सही करण्यापूर्वी : स्त्रिया व बालकांचे कायदेशीर हक्क आणि सामान्य वाचक

प्रत्येक नागरिकाला कायदा ठाऊक आहे असे आपली न्यायव्यवस्था गृहीत धरते आणि कायद्याच्या अज्ञानाची सबब न्यायालयात चालत नाही. या गृहीतकाची दुसरी बाजू मात्र फारशी बोलली जात नाही. ज्या राज्यसंस्थेने नागरिकाच्या ठायी हे ज्ञान गृहीत धरले, तिनेच ते त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारीही स्वतःवर घेतलेली आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३९-अ आला आणि मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे धोरण ठरले; १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने कायदेविषयक साक्षरता हे प्राधिकरणाचे काम म्हणून नोंदवले; कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या अधिनियमाच्या कलम ११ ने आणि लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या, ‘पोक्सो’ या नावाने परिचित असलेल्या २०१२ च्या अधिनियमाच्या कलम ४३ ने तर त्या त्या कायद्याला व्यापक प्रसिद्धी देण्याचे कर्तव्य शासनावर स्पष्ट शब्दांत टाकले. स्त्रीला आपला हक्क समजावून सांगणे हे कोणाचे उपकार नव्हेत. ते कायद्यानेच नेमून दिलेले काम आहे आणि ते अपुरे राहिले असेल तर त्याचा दोष तिच्या निरक्षरतेवर टाकता येत नाही.

प्रस्तुत पुस्तक या अपुऱ्या राहिलेल्या कामातला एक वाटा उचलू पाहते. स्त्रिया व बालकांच्या कायद्यांवर मराठीत पुस्तिका कमी नाहीत, परंतु त्यांतील बहुतेकींची मांडणी अधिनियमाच्या क्रमाने, म्हणजे व्याख्या, कलमे, शिक्षा आणि दंड अशी चालते. वकिलाला हा क्रम सोयीचा असतो. अडचणीत सापडलेल्या स्त्रीचा प्रश्न वेगळ्या क्रमाने उभा राहतो : आज रात्री राहायचे कोठे, उद्या कोणत्या कार्यालयात जायचे, बरोबर कोणता कागद न्यायचा, तेथील माणूस ‘नाही’ म्हणाला तर त्याच्या वर कोण, आणि किती दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. कायदा सोपा करणे म्हणजे संस्कृतप्रचुर शब्दांच्या जागी बोलीतले शब्द घालणे एवढेच मानले, तर वाचकाला कलम कळते पण पुढचे पाऊल कळत नाही. या पुस्तकाने प्रत्येक हक्कापुढे तो देण्यास बांधील असलेल्या अधिकाऱ्याचे पद लिहिण्याचा जो आग्रह धरला आहे, त्याचे मोल म्हणूनच मोठे आहे.

या विषयासाठी पुस्तकाने नाशिक जिल्हा निवडला, त्यामागे सोयीपलीकडचे कारण आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो नाशिक शहरात, आणि त्यात स्त्रियाही उतरल्या होत्या. १३ ऑक्टोबर १९३५ ची धर्मांतराची घोषणा याच जिल्ह्यातील येवल्याची. पुढे कायदामंत्री म्हणून त्यांनी हिंदू संहिता विधेयक मांडले, ते मार्गी लागत नाही असे दिसताच १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि त्या विधेयकातील विवाह, वारसा, दत्तक, पालकत्व व पोटगी यांविषयीचे भाग १९५५ आणि १९५६ या दोन वर्षांत वेगवेगळ्या अधिनियमांच्या रूपाने संमत झाले. मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारस म्हणून स्थान मिळाले ते यांतल्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने. तरीही वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्माने हिस्सा मिळवणारी व्यक्ती, जिला कायद्यात सहदायाद म्हणतात, ती पुढची अनेक दशके फक्त मुलगाच राहिली.

ही उणीव शेतकरी स्त्रियांच्या बाजूने मोठ्या आवाजात बोलली गेली तीही याच जिल्ह्यात. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड येथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले, त्याला लाखो ग्रामीण स्त्रिया आल्या, आणि संघटनेचे नेते शरद जोशी यांची ‘चांदवडची शिदोरी’ ही पुस्तिका त्या विचारमंथनातून पुढे आली. शेतात राबणाऱ्या स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर नसते, या साध्या निरीक्षणातून पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम उभी राहिली आणि अनेक गावांतील शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा स्वखुशीने पत्नीच्या नावे केला. कायद्याची सक्ती नसताना घडलेली ही गोष्ट होती, म्हणून तिची नोंद आदराने घ्यायला हवी. मात्र स्वखुशीने दिलेली जमीन आणि हक्काने मिळालेली जमीन यांत फरक आहे. पहिली देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. दुसरी मागता येते, आणि ती मागण्यासाठी ती आपली आहे हे आधी कळावे लागते.

महाराष्ट्राने १९९४ साली राज्यापुरती दुरुस्ती करून मुलींना सहदायाद केले, पण २२ जून १९९४ पूर्वी विवाह झालेल्या मुलींना त्यातून वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद संपवला. तरीही त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक आहे काय, या प्रश्नावर न्यायालयांत मतभेद राहिले आणि अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तशी अट नाही असे निःसंदिग्धपणे सांगितले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटपे मात्र या दुरुस्तीने उलटत नाहीत. एवढा प्रवास पूर्ण झाल्यावर कायद्याच्या पुस्तकात मुलगा आणि मुलगी समान झाले. निफाड, दिंडोरी, सिन्नर यांसारख्या तालुक्यांत, जेथे द्राक्षबागा, रस्ते आणि शहराची वाढ यांनी जमिनीला मोल आणले, तेथे ही समानता नेमकी कोठे अडते हे पाहायचे असेल तर हक्कसोडपत्राकडे पाहावे लागते.

हक्कसोडपत्र म्हणजे एका सहहिस्सेदाराने आपला हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात सोडून दिल्याचा नोंदणीकृत दस्त. वडिलांच्या मृत्यूनंतर वारसांची नावे लावण्याची वेळ येते, तेव्हा बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेले जाते, भाऊ किंवा चुलते दस्त पुढे करतात, आणि ‘माहेर तुटू नये’ म्हणून सही किंवा अंगठा होतो. अनेकदा हा कागद ‘वारस लावायचा कागद’ म्हणून सांगितला जातो. आपण हिस्सा मागत नाही एवढेच त्यात असेल अशी तिची समजूत असते. वस्तुस्थिती अशी की, वारस लावण्यासाठी हक्कसोडपत्राची मुळीच गरज नसते. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची माहिती असलेला अर्ज तलाठ्याकडे, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हटले जाते, दिला की तो फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस देतो, हरकतींसाठी पंधरा दिवस ठेवतो आणि त्यानंतर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. दस्ताची सक्ती या क्रमात कोठेही नाही.

येथेच दुसरी एक गोष्ट समजावून सांगणे अत्यावश्यक आहे. नोंदणीकृत हक्कसोडपत्राने हिस्सा खरोखरच जातो, आणि फसवून किंवा दबावाने सही घेतली असेल तर तो दस्त रद्द करून घेण्यासाठी, वस्तुस्थिती कळल्यापासून सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत दिवाणी न्यायालयात जावे लागते. याउलट, भावांनी बहिणीचे नाव वगळून नुसता फेरफार करून घेतला असेल, तर तिचा हक्क त्यामुळे संपत नाही, कारण महसुली नोंद सारा वसुलीसाठी असते, तिने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. पहिल्या प्रसंगी वेळ दवडणे घातक आहे, दुसऱ्या प्रसंगी हताश होण्याचे कारण नाही. या दोहोंतला फरक न कळल्यामुळे कित्येक स्त्रिया जेथे उपाय आहे तेथे गप्प बसतात आणि जेथे सही नाकारायला हवी तेथे ती करून मोकळ्या होतात. भावासाठी हिस्सा सोडण्याचा अधिकार बहिणीला आहेच, आणि तिने तो समजून उमजून वापरला तर कोणी तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र न समजता झालेल्या सहीला प्रेम म्हणणे हा तिच्यावर केलेला अन्याय आहे.

कायदा सोपा करताना होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे तो सर्वांसाठी एकच आहे असे सांगणे. ‘मुलीला समान वाटा’ हे वाक्य भिंतीवर लिहायला चांगले असले तरी सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या तालुक्यांतील कोकणा, महादेव कोळी किंवा वारली कुटुंबांत ते जसेच्या तसे लागू होत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २(२) नुसार केंद्र शासनाने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज तो अनुसूचित जमातींना लागू नाही, आणि तेथे वारसा रूढीने ठरतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आदिवासी कुटुंबाच्या वादात, स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर तिला समान हिस्सा नाकारता येत नाही, असा निर्णय दिला. तो महत्त्वाचा आहे, पण त्याने अधिनियमाची जागा घेतलेली नाही. मालेगावच्या यंत्रमाग वस्तीतील मुस्लीम स्त्रीच्या वारशाचे आणि विवाहाचे नियम आणखी निराळे आहेत. पोटगीबाबत मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, म्हणजे पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, धर्म न पाहता लागू होते, आणि घटस्फोटित मुस्लीम स्त्रीलाही त्याचा आधार आहे हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. कोणता हक्क सर्व स्त्रियांचा आणि कोणता धर्म किंवा जमातीनुसार बदलणारा, हे प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीलाच सांगण्याची या पुस्तकाची पद्धत अनुकरणीय आहे.

धर्म व जात न पाहता लागू होणाऱ्या कायद्यांत कौटुंबिक हिंसाचाराचा अधिनियम अग्रभागी येतो. २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आलेल्या या कायद्याविषयी आजही एक गैरसमज घट्ट आहे, तो असा की, ‘केस केली’ की नवरा तुरुंगात जातो आणि संसार संपतो. वास्तविक हा कायदा मुख्यत्वे दिवाणी स्वरूपाचे दिलासे देतो : मारहाण थांबवण्याचा संरक्षण आदेश, राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा निवास आदेश, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई. घर सासऱ्याच्या नावे असले तरी पत्नी जेथे नांदली त्या सामायिक घरात राहण्याचा तिचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मान्य केला आहे. तुरुंगाचा प्रश्न संरक्षण आदेश मोडल्यावर येतो. पत्नीप्रमाणेच आई, बहीण, विधवा सून यांनाही हा कायदा खुला आहे. अर्ज करण्यासाठी वकील असलाच पाहिजे असे नाही. महिला व बालविकास विभागाचा संरक्षण अधिकारी घरगुती घटनांचा अहवाल भरून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतो. अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत पहिली तारीख द्यावी आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे अधिनियम म्हणतो. साठ दिवसांची ही अपेक्षा प्रत्यक्षात क्वचितच पुरी होते, आणि हेही वाचकापासून लपवता कामा नये, कारण कागदावरची मुदत खरी मानून गेलेली स्त्री तिसऱ्या तारखेला खचते. तातडीच्या अंतरिम आदेशाची मागणी पहिल्याच अर्जात करायला हवी ती त्यासाठीच.

पोलीस ठाण्याच्या पातळीवर सर्वाधिक घोटाळा ‘एनसी’ या दोन अक्षरांनी केला आहे. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तिच्या आधारे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाखेरीज पोलिसांना तपास करता येत नाही. मारहाण झालेली स्त्री ही पावती घेऊन घरी येते, तक्रार दाखल झाली असे समजते आणि वाट पाहत राहते. पती किंवा त्याच्या नातेवाइकांकडून होणारी क्रूरता हा पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ मधला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मधला गुन्हा दखलपात्र ठरू शकतो, आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर प्रथम खबर अहवाल, म्हणजेच एफआयआर नोंदवून त्याची प्रत विनामूल्य देणे ठाणे अंमलदाराला बंधनकारक आहे. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवावा लागतो. नोंद नाकारली गेली तर ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे आणि शहरात पोलीस आयुक्तांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवता येते, आणि त्यानंतर दंडाधिकारी आहेतच. हातातल्या कागदावर एनसी लिहिले आहे की एफआयआर, एवढे पाहण्याची सवय गावोगावच्या बचत गटांनी लावून घेतली तरी पुष्कळ काही बदलेल.

बालकांचे प्रश्न स्त्रियांच्या प्रश्नांना जोडूनच येतात, तरी त्यांचा एक वेगळा पेच आहे : बालकाच्या वतीने बोलणारा मोठा माणूसच अनेकदा त्याच्या हिताआड येतो. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातील कातकरी कुटुंबांची लहान मुले थोड्या उचलीच्या मोबदल्यात मेंढपाळांकडे राबायला ठेवली जात असल्याचे एका मुलीच्या मृत्यूनंतर उजेडात आले आणि गुन्हे दाखल झाले. त्या आईबापांना क्रूर ठरवणे सोपे आहे. उचल घेतली म्हणजे ती फिटेपर्यंत पोर परत आणता येत नाही, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या लादली गेलेली आहे. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमाने नेमकी हीच समजूत मोडली : अशा उचलीची परतफेड करण्याचे दायित्वच कायद्याने संपुष्टात आणले, आणि ती वसूल करणे हाच गुन्हा ठरवला. ‘घेतलेले पैसे फेडावे लागत नाहीत, पोर आजच आणता येते’ हे एक वाक्य त्या वस्तीवर वेळीच पोहोचले असते तर काय झाले असते, हा प्रश्न कायदा शिकवणाऱ्या प्रत्येकाने मनाशी ठेवायला हवा.

बालविवाहाची गोष्ट याहून व्यापक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झालेला होता. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमाने गावात ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी करण्याची व्यवस्था झाली, अंगणवाडी सेविकेने त्याला साहाय्य करावे असे ठरले, आणि विवाह होण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घेता येतो. तो मोडून लावलेले लग्न कायद्याच्या दृष्टीने मुळातच निरर्थक असते. एरवी असा विवाह आपोआप रद्द होत नाही. तो रद्द करून घेण्याचा पर्याय त्या मुलीकडे असतो, आणि सज्ञान झाल्यानंतर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत, तिला त्यासाठी न्यायालयात जाता येते. ही मुदत फार थोड्या मुलींना माहीत असते. वयाच्या पुराव्यासाठी शाळेचा किंवा जन्मनोंदीचा दाखला लागतो. आधार कार्डावरील जन्मतारीख त्यासाठी पुरेशी धरता येत नाही.

पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही सारखे संरक्षण दिले, जबाब बालकाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी आणि गणवेश न घालता घ्यावा असे सांगितले, आणि गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन घातले. गावकीत ‘मिटवून घेणे’ या गुन्ह्यात चालत नाही. मिटवायला बसणाऱ्या शाळाप्रमुखावर माहिती दडवल्याबद्दल खटला होऊ शकतो. त्याच बंधनाची एक दुखरी बाजूही आहे. बालविवाह झालेली गरोदर मुलगी सरकारी दवाखान्यात गेली की गुन्हा दाखल होईल या भीतीने कुटुंब तिला घरीच ठेवते किंवा तिचे वय वाढवून सांगते, आणि त्यात तिच्या जिवाला धोका होतो. कायद्याचा धाक तेवढा सांगायचा आणि उपचार नाकारता येत नाहीत हे सांगायचे नाही, असा अर्धवट प्रचार बालकांच्या हिताचा नाही.

कायद्याच्या जोडीने समाजाची स्वतःची न्यायसत्ता उभी असते, आणि तिच्याविरुद्धचा आधुनिक लढा नाशिकमधूनच सुरू झाला. जून २०१३ मध्ये आंतरजातीय विवाह केलेल्या एका गर्भवती तरुणीची या शहरात तिच्या पित्याकडून हत्या झाली, त्यामागील जातपंचायतीच्या दहशतीची चर्चा सुरू झाली, आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या अखेरच्या दिवसांत जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम हाती घेतली. त्याच वर्षी २० ऑगस्टला दाभोलकरांचा खून झाला. मोहीम थांबली नाही. सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा अधिनियम महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली संमत केला, तो पुढच्या वर्षी अंमलात आला, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पंचांपुढे उभ्या राहणाऱ्या स्त्रीला या कायद्याचे नाव ठाऊक असेल तर तिला दंड भरण्याखेरीज दुसरा मार्ग दिसतो.

भाषेचा मुद्दा शेवटी घेतला असला तरी तो दुय्यम नाही. राज्यातील तालुका व जिल्हा न्यायालयांची भाषा म्हणून मराठीला १९९८ च्या अधिसूचनेने मान्यता मिळाली, भाषा संचालनालयाने न्यायव्यवहार कोश सिद्ध केला, पण सामान्य माणसाच्या तोंडी आजही तारीख, स्टे, नोटीस, जामीन, वारस, फेरफार अशी मिश्र भाषा आहे. या पुस्तकाने तीच वापरली आणि अधिकृत संज्ञा पहिल्यांदा येते तेथे तिचा उलगडा केला, हे योग्यच झाले, कारण कार्यालयात जाणाऱ्या स्त्रीला दोन्ही शब्द लागतात : एक विचारण्यासाठी आणि एक अर्जात लिहिण्यासाठी. जुन्या दंड संहितेची कलमे पाठ असलेल्या कार्यकर्त्यांसाठी २०२४ नंतरचे नवे क्रमांक शेजारी दिले आहेत, तेही उपयोगी आहे.

वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. हे पुस्तक घरात ठेवू नये. ते अंगणवाडीत, बचत गटाच्या बैठकीत, आश्रमशाळेच्या शिक्षक-खोलीत आणि ग्रामपंचायतीच्या टेबलावर असावे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापुढे ते मोठ्याने वाचले जावे. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचून घ्यावा आणि शंका आली तर सही न करता उठावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार प्रत्येक स्त्रीला आणि प्रत्येक बालकाला, उत्पन्न कितीही असले तरी, वकील विनामूल्य मिळतो. त्यासाठीचे कार्यालय नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे, तालुक्याच्या न्यायालयांत तालुका विधी सेवा समित्या आहेत, आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. बालकांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.